उघड्यावरची गॅसची भट्टी

बसा मंडळी, बसा. मागे उभे आहेत त्यांनीही पुढे यावे. आयाबायांनी तर यावेच.

आम्ही चौघे पंगतीचा स्वयंपाक करणारी माणसे. लग्न, बारसे, सप्ताह, जत्रा. जिथून बोलावणे येईल तिथे आमची पातेली जातात. आधी आम्ही लाकडावर रांधत होतो. मांडवामागे हातभर खोल चर खणायचा, त्याच्या काठांवर पातेली मांडायची आणि खालून लाकडे सारायची. धुराने डोळे चुरचुरायचे. पहाटे दोनला उठून जाळ घालावा, तेव्हा कुठे दुपारी भात उतरायचा. पुढे २०१६ साली उज्ज्वला योजना निघाली. गावातल्या पुष्कळ घरी गॅस आला. घरात गॅस, मग मांडवात लाकूड कशाला? आम्हीही गॅसच्या भट्ट्या घेतल्या. धूर गेला, वेळ वाचला. गॅस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, हे भीती घालायला आलेत.

पण एक वाक्य आम्ही गावोगाव ऐकतो. घरात गॅस लावताना माणसे खिडकी उघडतात, वास घेतात, पोरांना लांब करतात. तीच माणसे मांडवात आली की म्हणतात, "अहो, उघड्यावर तर आहे. काय होतंय?"

आम्हीही असेच म्हणत होतो. काय होतं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. तेच आज सांगायचं आहे.

२०१८ सालचा उन्हाळा. शेजारच्या गावी सप्ताह होता. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन, आणि मग महाप्रसाद. आठशे पान उठायचे होते. वारा असा सुटला होता की भट्टी पेटवावी आणि तिने विझावे. आम्ही वैतागलो. लाकडाच्या वेळचा जुना चर तिथे तसाच होता. आमच्यातला एक म्हणाला, "भट्टी चरात उतरवू या. वारा लागायचा नाही." सगळ्यांना पटले. लाकडाचा जाळ चरात चांगला धरतो, मग गॅस का धरणार नाही? भट्टी चरात उतरवली. झकास पेटली. आमटीचे पातेले चढवले आणि आम्ही भाजी चिरायला बसलो.

मग वाऱ्याचा झोत आला की पातेले उतू गेले, कोण जाणे. भट्टी विझली. चावी उघडीच होती. कुणाचे लक्ष नव्हते. थोड्या वेळाने आमचा चुलतभाऊ बघायला गेला. "पुन्हा विझली का?" असे म्हणत तो काठावर बसला, पाय आत सोडले, आणि त्याने काडी ओढली.

चर या टोकापासून त्या टोकापर्यंत पेटला. आवाज फार नाही, नुसता 'भप्प' झाला. दुसऱ्या क्षणी जाळ खाली बसलासुद्धा. पण तेवढ्यात त्याच्या पोटऱ्या, दोन्ही हात आणि भुवया भाजून निघाल्या. दीड महिना तो दवाखान्यात होता. त्या दिवशी पंगत झाली, लोक जेवले. आमच्या घशाखाली घास उतरला नाही. भट्टी चरात उतरवणारे आम्हीच होतो ना!

आता, हे झाले कसे? चर तर उघडाच होता. वर मोकळे आभाळ होते.

धूर वर जातो. वाफ वर जाते. म्हणून आपल्याला वाटते, गॅसही वरच जाणार. पण हा गॅस हवेपेक्षा जड आहे, दीड ते दोन पट जड. तो पाण्यासारखा वागतो. जमिनीवर पसरतो, उताराने जातो आणि खोलगट जागा दिसली की तिथे साचतो. चर, नाली, शोषखड्डा, विहीर, या त्याच्या बसायच्या जागा. टाकीत तो पातळ असतो. बाहेर पडला की फुगतो. टाकीतल्या लिटरभर पातळ गॅसचा बाहेर सुमारे अडीचशे लिटर गॅस होतो. आणि शंभर भाग हवेत दोन भाग गॅस मिसळला, तरी काडीसरशी पेट घेतो. चरात साचायला कितीसा वेळ लागणार?

म्हणून आम्ही आता गावात गेलो की पहिले काम काय करतो? जुना चर असेल तर तो बुजवायला लावतो. यजमान हसतात. हसू देत.

भट्टीला जागा सपाट हवी, आजूबाजूपेक्षा जरा उंच असली तर फारच बरे. जवळ नाली नको, विहीर नको. डोक्यावर कापड नको. कनात, झावळ्या, शोभेच्या साड्या यांपासून भट्टी चांगली दूर मांडावी. वाऱ्याने कापड उडाले तरी जाळापर्यंत पोचता कामा नये, एवढी दूर. पाऊस आला म्हणून भट्टी शाळेच्या खोलीत नेऊन दारेखिडक्या लावून घेणे, हे तर मुळीच करू नये. बंद खोलीत जळायला हवा कमी पडली की एक विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस गुंगत जातो आणि त्याला कळतही नाही. पाऊस आला तर पंगत उशिरा बसवा. उशिराने कुणी मरत नाही.

आता टाकी कुठे ठेवायची? यावर आमच्यात पुष्कळ वाद झाला आहे. वारा कुठून येतो ते मूठभर भुस्सा उडवून बघा. जिकडून वारा येतो तिकडे टाकी ठेवली, तर गळालेला गॅस वाऱ्याबरोबर सरळ जाळाकडे जातो. जिकडे वारा जातो तिकडे टाकी ठेवली, तर भट्टीची झळ टाकीला लागते. म्हणून टाकी बाजूला ठेवावी. समजा, वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे चालला आहे. मग टाकी भट्टीच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला, नळी पुरेल तेवढी लांब. नळी माणसांच्या पायात येऊ देऊ नका. टाकी उभीच ठेवायची. आडवी केली की नळीत पातळ गॅस उतरतो, आणि भट्टीतून जाळाचे लोळ निघतात.

वाऱ्याला आडोसा तर हवाच. तो चराचा नको, पत्र्याचा करा. वाऱ्याच्या अंगाला भट्टीपासून हातभर सोडून पत्रा उभा करायचा. त्याच्या खाली चार बोटे फट ठेवायची, म्हणजे गॅस साचत नाही. पत्रा एका अंगाला, फार तर दोन अंगांना. चारी बाजूंनी पत्रे लावले की तो पुन्हा चरच झाला. आणि टाकीभोवती आडोसा कधीच नको.

आता एक गोष्ट अशी, की जी तुम्ही गेल्या वर्षी करू शकला नसता आणि आता करू शकता. टाकीवर लिहिलेले असते, ते वाचायचे. टाकीच्या गळ्याभोवतीचे कडे तीन उभ्या पट्ट्यांवर असते. त्यांतल्या एका पट्टीच्या आतल्या अंगाला इंग्रजीतले एक अक्षर आणि सालाचे दोन आकडे असतात. पहिली चार अक्षरे तेवढी शिकून घ्या. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. 'बी २७' असे असेल, तर त्या टाकीची तपासणी २०२७ सालच्या जूनअखेरपर्यंत व्हायला हवी. ती तारीख उलटून गेलेली टाकी घेऊ नका. "बदलून द्या," म्हणा. आमच्या गावातल्या एका मावशींनी साठाव्या वर्षी अक्षर ओळखले आणि पहिल्याच महिन्यात टाकी परत पाठवली. देणारा म्हणाला, "मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं?" त्या म्हणाल्या, "टाकीनंच सांगितलं."

रिकाम्या टाकीचे वजनही टाकीवर लिहिलेले असते. घरच्या टाकीत गॅस १४.२ किलो. दोन्हींची बेरीज करा आणि टाकी काट्यावर ठेवा. टाकी आणून देणाऱ्याजवळ काटा असायला हवा. वजन करून मागायची लाज कसली? आणि घरची टाकी घरच्या स्वयंपाकासाठीच असते. पंगतीच्या धंद्याला १९ किलोची वेगळी टाकी मिळते, ती घ्यावी. शेजारच्या चार घरच्या लाल टाक्या गोळा करून लग्न उरकणे हे कायद्यातही बसत नाही, आणि शेजारणीचा स्वयंपाकही अडतो.

नळी नीट बघा. तिच्यावरही साल छापलेले असते. पाच वर्षांवर गेली असेल तर बदला. वाकवून बघा, चिरा दिसल्या तर पाच वर्षे वाट बघू नका. आमच्या भट्ट्या पावसाळाभर गोठ्यात पडून असतात. तिथे उंदीर नळी कुरतडतो. कुंभारीण माशीचा त्रास तर वेगळाच. ती भट्टीच्या नळकांड्यात मातीचे घर करते. मग गॅस अडतो, जाळ उलटा मागे येतो. हंगामाच्या पहिल्या पंगतीआधी भट्टी उलटी करून ठोकावी आणि तारेने नळकांडे साफ करावे.

जोडणी झाली की साबणाचा फेस सगळ्या सांध्यांना लावा. बुडबुडे फुगले तर गॅस गळतो आहे. काडी पेटवून गळती शोधणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांना हात जोडावेत आणि दूर न्यावे. गॅसला मुळात वास नसतो. आपल्याला कळावे म्हणून त्यात घाण वासाचे औषध मिसळतात. पण उघड्यावर वारा तो वास उडवून नेतो. मांडवात फोडणीचा, उदबत्तीचा, अत्तराचा वास असतो, त्यातही तो बुडतो. नाकावर भरवसा घरात ठेवा. मांडवात साबण बरा.

पेटवताना आधी काडी, मग चावी. लांब दांड्याला चिंधी गुंडाळून ती पेटवावी, बर्नरजवळ धरावी, आणि मग चावी हळूच उघडावी. तोंड भट्टीवर वाकवू नये. पदर खोचलेला असावा. भट्टी विझली तर लगेच काडी ओढू नका. चावी बंद करा. टाकीवरचे बटण बंद करा. पाच मिनिटे थांबा. आमच्या भावाने ती पाच मिनिटे थांबायला हवे होते. पण त्याला ते कुणी सांगितले होते? आम्हालाच माहीत नव्हते.

आता जाळाविषयी. निळा जाळ हा खरा जाळ. पिवळा जाळ पातेली काळी करतो आणि गॅस खातो. पिवळा दिसला तर बर्नरची भोके साफ करा, हवेची चकती फिरवून हवा वाढवा. जाळ पातेल्याच्या बुडाखाली राहिला पाहिजे. कडेने वर चढला तर तो गॅस वाऱ्याला वाढला म्हणायचा. पुष्कळ आचारी चावी पूर्ण उघडून ठेवतात. त्यांना वाटते, मोठा जाळ म्हणजे लवकर स्वयंपाक. तसे नाही. आधणाला उकळी येईपर्यंत मोठा जाळ ठीक आहे. उकळी आली की बारीक करा. पाणी उकळते आहे त्याहून जास्त तापत नाही, कितीही जाळ घाला. झाकण ठेवा. डाळ रात्रीच भिजत घाला. तांदूळ अर्धा तास आधी धुऊन ठेवा. एवढे केले तर किती गॅस वाचतो, ते पुढच्या खेपेला टाकी वजन करून तुम्हीच बघा.

एक नवलाची गोष्ट सांगतो. भर उन्हाळ्यात मोठी भट्टी जोरात चालली की टाकीला बाहेरून घाम येतो, थंडीत तर बर्फाचा पापुद्रा धरतो. पातळ गॅसचा वायू होताना तो टाकीतली ऊब ओढून घेतो. मग टाकी गारठते, गॅस कमी येतो आणि जाळ मंदावतो. आचारी म्हणतो, टाकी संपली. ती संपलेली नसते. मग कोणी तिच्यावर उकळते पाणी ओततो, कोणी तिला भट्टीजवळ सरकवतो, कोणी आडवी करून लोळवतो. यातले काहीही करू नका. चावी थोडी बारीक करा, नाहीतर ती टाकी बंद करून दुसरी लावा. अर्ध्या तासात पहिली पुन्हा कामाला येते.

तळणीचे काम सर्वांत अवघड. बुंदीच्या कढईतले तेल पेटले तर पाणी ओतायचे नाही. कितीही घाबरलात तरी नाही. पाणी तेलाखाली जाते, तिथे त्याची वाफ होते, आणि पेटते तेल चोहीकडे उडते. चावी बंद करा, कढईवर मोठे झाकण किंवा परात सरकवा आणि तसेच राहू द्या. म्हणून कढईला बसेल असे झाकण आधीच शेजारी ठेवलेले असावे. पोते भिजवून ठेवावे, वाळूची दोन घमेली भरून ठेवावी. नळीने पेट घेतला तर भिजले पोते हाताला गुंडाळून टाकीवरचे बटण बंद करावे. जवळ जाता येत नसेल तर जाऊ नका. माणसे दूर न्या आणि १०१ ला फोन करा. नुसता गॅस गळत असेल आणि थांबत नसेल, तर आसपासचे सगळे जाळ विझवा आणि १९०६ ला फोन करा. हा नंबर दिवसरात्र चालू असतो. आज वहीत लिहून घ्या. आकडे चारच आहेत.

कुणी भाजले तर भाजल्या जागेवर साधे गार पाणी वीस मिनिटे सोडा. बर्फ नको, हळद नको, दंतमंजन नको, शाई तर नकोच. मग स्वच्छ फडके घालून दवाखान्यात न्या. गाडीसाठी १०८. आमच्या भावाच्या हाताला कुणीतरी घाईत दंतमंजन फासले होते. ते खरवडून काढताना तो जसा ओरडला, ते अजून कानात आहे.

काही गावांत आता शेतावर पाहुणे बोलावण्याचा जोडधंदा निघाला आहे. तिथे कणसे, वांगी, मासे भाजायला झाकणाची, लोखंडी जाळीची गॅसशेगडी आणतात. तिचे झाकण उघडे ठेवूनच ती पेटवायची. झाकण बंद ठेवून चावी उघडली तर आत गॅस साचतो, आणि ती शेगडी म्हणजे आमचा चरच होतो. पेटल्यावर झाकण लावून दहा मिनिटे जाळी तापू द्या, मग भाजा. तापल्या जाळीला वांगे चिकटत नाही. माशाचे, कोंबडीचे तेल खाली ठिबकते आणि भपकन जाळ उठतो. अशा वेळी पदार्थ बाजूला सरकवा, पाणी शिंपडू नका. खालचा तेलाचा ताट रोज घासावा. तो भरून वाहिला की शेगडीच पेटते. भाजी आणि मास यांचे झारे वेगळे ठेवावेत. पाहुण्यांत माळकरी असले तर जाळीही वेगळी.

पंगत उठली की आधी टाकीवरचे बटण बंद करायचे, मग भट्टीची चावी. म्हणजे नळीतला गॅस जळून जातो. रेग्युलेटर काढून टाकीला टोपी लावायची. रिकामी टाकी म्हणून टोपी टाकून देऊ नये. रिकाम्या टाकीतही थोडा गॅस उरतोच. आम्ही निघताना टोप्या मोजतो, जशा वाट्या मोजतो.

आमच्या भावाचे हात बरे झाले, पण ऊन सोसत नाही. म्हणून कढईजवळ आम्ही त्याला उभा करत नाही. तो सावलीत बसतो, टाकी आणि भट्टी दोन्ही दिसतील अशा जागी. त्याला दुसरे काम नाही. भाजी चिरायची नाही, वाढायचे नाही, गप्पांना उठायचे नाही. भट्टी विझली की तो हाक मारतो आणि बटण बंद करतो. पहिल्या वर्षी यजमान विचारायचे, "हा नुसता बसून का?" आता विचारत नाहीत. पंगत संपेपर्यंत तो उठत नाही, म्हणून त्याचे ताट आम्ही पहिल्या पंगतीआधीच वाढून झाकून ठेवतो.

आता भट्टी अंगणात लावली आहे. चला, साबणाचा फेस कोण करतंय?